वैशाखातील एक साधा दिवस

वैशाख उजाडला आणि मुलांच्या परीक्षा उरकल्या, म्हणजे आपल्या घरांतून रोज जेवणाच्या पंगतीस एकच प्रश्न निघतो : "यंदा कोठे जावयाचे?" कोणी महाबळेश्वराचे नाव घेतो, कोणी माथेरानचे, ज्यांचे वाडवडील कोकणातून आले त्यांना गावचे आंबे-फणस आठवतात, आणि ज्यांची ऐपत अलीकडे वाढली आहे त्यांच्या तोंडी काश्मीर व सिंगापूर ही नावे सहज असतात. प्रवासाची निंदा करण्याचा प्रस्तुत लेखकाचा मुळीच हेतू नाही. परंतु सुट्टीचा आनंद म्हणजे तिकिटाचा आनंद, अशी जी समजूत मुलांच्या मनात घट्ट बसत चालली आहे, तिच्याविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात. ज्या घरात वडीलधारी मंडळी, दोन-तीन भाऊ, त्यांची बायकामुले असा परिवार एकत्र नांदतो, त्या घरास एक उन्हाळी दिवस मुंबई न सोडता व फारसा पैसा न खर्चिता आनंदात घालविता येतो. त्यास साहित्य थोडेच लागते : झाडावरचे फळ, घरातली चूल, आणि पायी जाता येईल अशी एक वाट.

उन्हाळ्यास आपण उगीच नावे ठेवतो. कालिदासाने 'ऋतुसंहारा'चा आरंभ वसंताने न करता ग्रीष्माने केला आहे, आणि पहिल्याच श्लोकात या ऋतूतील दिवसाचा शेवट रम्य असतो असे सांगितले आहे. 'शाकुंतला'च्या प्रस्तावनेत सूत्रधाराच्या तोंडीही तोच अभिप्राय आहे. शाळेत हे श्लोक शिकवीत असता आम्ही त्यांतील समास सोडवीत असू. पण त्यांत दिनचर्येचा एक धडा आहे हे सेवानिवृत्त झाल्यावर अधिक चांगले उमगले. उन्हाळ्याचा दिवस सकाळी हाताशी घ्यावा, दुपारी घरात मुरवावा आणि सायंकाळी मोकळ्यावर नेऊन सोडावा. आमच्या दादरच्या घरी गेली काही वर्षे वैशाखाच्या उत्तरार्धातील एक रविवार याच क्रमाने जातो, आणि त्याचा शेवट वरळीच्या कोळीवाड्यात होतो. त्या दिवसाचे वर्णन वाचून वाचकांपैकी चार घरांनी जरी तसा एक दिवस घालविला, तरी या लेखाचे चीज झाले असे मी समजेन.

प्रथम फळांविषयी. आमच्या चाळीमागे थोडी जागा आहे. बाग म्हणावी एवढी ती नाही, परसू म्हणण्याइतकी आहे. तेथे एक रायआवळ्याचे जुने झाड उभे आहे. चैत्र-वैशाखात त्याच्या फांद्यांना पिवळसर, कंगोरेदार, आंबट फळांचे घोस लगडतात. सकाळी सहाच्या सुमारास, ऊन चढण्यापूर्वी, मुले खाली चादर धरून उभी राहतात व मोठा पुतण्या फांदी हलवितो. मीठ लावून खाल्लेल्या पहिल्या रायआवळ्याने तोंडाचे जे होते ते पाहून धाकटी मंडळी खदखदून हसतात. उरलेली फळे वहिनी लोणच्यास घेतात.

करवंदे मात्र परसात होत नाहीत, ती डोंगराची. दादरच्या बाजारात सकाळी लवकर गेले, म्हणजे ठाणे-पालघरकडच्या आदिवासी बाया पळसाच्या पानांचे द्रोण मांडून बसलेल्या दिसतात. "डोंगरची काळी मैना" ही आरोळी ज्यांनी लहानपणी ऐकली, त्यांना तिच्या अर्थाची फोड करून सांगावी लागत नाही. परंतु आजच्या मुलांस ती सांगावी लागते. अमरकोशात करमर्दाचे एक नाव 'कृष्णपाकफल' असे दिले आहे, म्हणजे पिकल्यावर काळे होणारे फळ. आणि आपले करवंद हा त्या करमर्दाचाच वंशज. फळ तोडताना जो पांढरा चीक निघतो व ओठांस चिकटतो, तो या झाडाचे कूळ सांगतो : कण्हेर आणि देवचाफा हे त्याचे भाऊबंद. मुलांस मात्र कोशापेक्षा खेळ प्रिय. करवंद दाताने अर्धे करावयाचे आणि आत लाल निघाले तर कोंबडा, पांढुरके निघाले तर कोंबडी! हा खेळ आमच्या आजीने आम्हांस शिकविला; तिला तो कोणी शिकविला हे तिलाही सांगता आले नसते.

ज्येष्ठाच्या तोंडाशी जांभळेही येऊ लागतात. मेघदूतातील मेघास दशार्ण देशाच्या सीमेवर पिकल्या जांभळांनी काळवंडलेली राने दिसावयाची होती. आमच्या मुलांस ती हातगाडीवर दिसतात, एवढाच फरक. येथे एक गोष्ट घरातील मोठ्यांनी मुलांच्या कानी आवर्जून घालावी. द्रोणभर करवंदांमागे काट्यांनी ओरबाडलेले हात आहेत, रात्री दोन-तीनला सोडलेले घर आहे, आणि पहिल्या गाडीचा प्रवास आहे. या बायांशी पाच-दहा रुपयांकरिता घासाघीस करण्यात शहाणपण नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची पेटी आपण छापील किमतीस मुकाट्याने घेतो आणि डोंगरच्या करवंदांस मात्र भाव पाडून मागतो, ही आपली व्यवहाराची रीत मुले पाहत असतात व शिकतही असतात.

दुपार ही चुलीची. ऊन जसजसे चढेल तसतसे बाहेरचे जग बंद करून घ्यावे, खिडक्यांचे पडदे ओढावेत, आणि स्वयंपाकघरातील जेवणाची गर्दी उरकल्यावर नानकटाई करावयास बसावे. ज्या घरी विजेची भट्टी आहे त्यांनी ती खुशाल वापरावी. आमच्या घरी जुनीच रीत चालते. दोन वाट्या मैदा, वाटीभर साजूक तूप व तितकीच पिठीसाखर, चिमूटभर खाण्याचा सोडा, वेलदोड्याची पूड व किंचित जायफळ, एवढेच त्यास लागते. तूप-साखर परातीत घेऊन तळव्याने पांढरीशुभ्र व हलकी होईपर्यंत फेसावयाची. हे काम मुलांस द्यावे, त्यांस ते फार आवडते. मग मैदा मिसळून गोळा अर्धा तास झाकून ठेवावा. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू किंवा जाडे मीठ पसरून ते तापवावे, त्यावर लहानशी कडी ठेवून तुपाचा हात फिरविलेली थाळी ठेवावी, घट्ट झाकण घालावे आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे धीर धरावा. पूर्वी झाकणावरही निखारे ठेवीत, म्हणजे वरून व खालून सारखी धग लागे. आमच्या सूनबाईंनी यात एक भर घातली आहे. करवंदे साखरेत शिजवून, बिया गाळून, त्यांचा दाट मुरंबा करून त्या प्रत्येक नानकटाईच्या मध्ये बोटाने खळगा करून त्यात थेंबभर घालतात. तुपाच्या गोडीत ती आंबट-जांभळी चव अशी काही बसते, की यापुढे साधी नानकटाई कोणी मागत नाही.

'भट्टीतील पदार्थ परक्यांचे' असे म्हणणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे, तरी त्या विषयाचा इतिहास मनोरंजक आहे. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा प्रसंग घडला आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावे लागले. बिस्किट ही वस्तू एवढी स्फोटक होती! गंमत अशी की पीठ भाजून खाणे हे आपल्या परंपरेत पाहुणे नव्हतेच. ऋग्वेदात तूप घातलेल्या अपुपाचा उल्लेख आहे. दर्शपूर्णमास इष्टीतील पुरोडाश तर तापलेल्या मातीच्या कपालांवर ठेवून, वर उष्ण राख लोटून भाजीत. खालून धग व वरून धग, ही आमच्या आजीच्या नानकटाईची युक्ती याज्ञिकांस पूर्वीच ठाऊक होती. तेव्हा पदार्थावरून माणसाची प्रत ठरविण्याची घाई कोणीच करू नये, इतका बोध यातून घेता येतो. आणि तो पुढे कोळीवाड्यात कामास येतो.

भट्टीविषयी आणखी एक. दिवाळी व मे महिन्यात घरचे रवा, मैदा, तूप, साखर घेऊन गल्लीतील बेकरीवर जावयाचे, भट्टीवाल्याकडून नानकटाई भाजवून घ्यावयाची, आणि पत्र्याचा डबा गरम असतानाच डोक्यावरून घरी आणावयाचा, ही गिरगाव-दादर-परळकडील जुनी रीत. लाकडाच्या भट्टीची ती खरपूस चव वेगळीच. परंतु धुराने शहराची छाती भरत होती हेही खोटे नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांस सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. चवीची हळहळ वाटली तरी श्वासाचा हक्क चवीपेक्षा मोठा आहे. मात्र लहान भट्टीवाल्यास हे परिवर्तन परवडावे, अन्यथा धुराबरोबर भट्टीही जाईल, एवढी काळजी शहराने घ्यावयास हवी.

उन्हे कलली, साडेचार वाजले, की नानकटाईचा डबा आणि करवंदांचे दोन द्रोण घेऊन आम्ही निघतो. २०२५ च्या मे महिन्यात भुयारी रेल्वे वरळी नाक्यापर्यंत, म्हणजे आचार्य अत्रे चौकापर्यंत, येऊन पोहोचली. म्हाताऱ्या माणसांनी तिचा लाभ अवश्य घ्यावा. बाकीच्यांनी चालावे. मुलांच्या पावलाने दादरहून वरळीच्या गावठाणापर्यंत दीड तास लागतो. चालत गेलेल्या वाटेवरची दुकाने, झाडे, देवळे, वळणे पायांच्या लक्षात राहतात. गाडीतून गेलेल्या वाटेचे फक्त नाव लक्षात राहते.

वाटेत मुलांस एक गोष्ट सांगावी : आपण बेटावरून बेटावर चाललो आहो. मुंबईच्या सात बेटांपैकी वरळी हे एक. भरतीचे पाणी महालक्ष्मीजवळच्या खिंडीतून आत घुसे आणि मधला सखल प्रदेश बुडवी. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दीत ती खिंड बंद करणारा बांध घालण्यात आला. १७८४ च्या सुमारास तो पुरा झाला. पुढे भर पडत पडत बेटांमधील भेद पुसला गेला. आज जेथे आपण सिग्नल लागण्याची वाट पाहतो, तेथे कधी काळी ओहोटीची वाट पाहावी लागत असेल. हे ऐकल्यावर आमची धाकटी नात रस्ता ओलांडताना परकर जरासा उचलून चालू लागली!

वरळीच्या समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याने उत्तरेकडे चालत गेले, की मोठमोठ्या इमारती एकाएकी मागे पडतात आणि रस्ता अरुंद होत होत कोळीवाड्यात शिरतो. घरे एकमेकांस बिलगलेली. दारात तुळस, ओट्यावर जाळ्यांचे निळे-हिरवे ढीग, दोरीवर कपडे आणि बांबूंवर सुकत घातलेली मासळी. शाकाहारी घरातील नाकास येथील वास प्रथम जड जातो, हे मान्य करावयास हरकत नाही. परंतु ज्या वासावर एका गावाचे पोट शतकानुशतके चालले आहे, त्याकडे नाकास पदर लावून पाहू नये, हे मुलांस आधीच सांगून ठेवावे. गल्लीतून पुढे गोल्फादेवीचे मंदिर लागते. ही कोळ्यांची जागृत देवता. भाविक येथे कौल लावतात. दर्शन घेऊन मुलांनी ओट्यावर घटकाभर बसावे. येथील गारवा विजेच्या पंख्याचा नव्हे, समुद्राचा आहे.

या गल्लीत आमचे एक ओळखीचे घर आहे. त्या घरचा मुलगा माझ्या हाताखाली शिकला. आज तो होडी चालवितो व मुलांना शिकवितोही. त्याची आई वयाने माझ्याएवढीच. आमच्या वहिनी तिला मावशी म्हणतात, ती त्यांना वैनी म्हणते. आम्ही नानकटाईचा डबा पुढे करतो. ती आमच्यापुढे काय ठेवणार, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आमच्या वहिनी सोवळ्यातल्या. ज्या तव्यावर मासळी होते त्यावरचे काही त्या घेणार नाहीत, हे त्या बोलून दाखवीत नाहीत आणि मावशीही विचारीत नाही. ती मुलाला नारळावर पाठविते आणि शहाळी सोलून आणविते. शहाळ्यास भांडे लागत नाही. त्याच्या पाण्यास सोवळे-ओवळे शिवत नाही. शिवाय कोळ्यांच्या घरी नारळ हा समुद्रास अर्पण करावयाचा देवाचा पदार्थ. पाहुण्याचा मान राहतो आणि यजमानाचाही. मुलांपुढे मात्र तांदळाच्या गरम भाकरीचे तुकडे व गूळ-खोबरे येते, आणि ती कोणासही न विचारता खातात. वहिनी पाहतात व हसतात. तांदळाची ती भाकरी म्हणजे हाताच्या कौशल्याचा नमुना आहे : पीठ गरम पाण्यात उकडून मळावयाचे, दोन्ही तळव्यांवर थापीत थापीत पातळ करावयाची, आणि तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवावयाचा. आमच्या सूनबाई गेल्या वर्षी ती शिकून आल्या. करवंदांच्या मुरंब्याची कृती तेथे देऊन आल्या.

आमचा हा विसाव्याचा दिवस त्या घरी मात्र विसाव्याचा नसतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते. तो काळ माशांच्या विणीचा आणि समुद्राच्या खवळण्याचा. म्हणून मे महिन्याचे शेवटचे दिवस म्हणजे कोळ्यांच्या वर्षाची अखेर. मिळेल ती मासळी आणावयाची, सुकवावयाची, पावसाळ्यासाठी साठवावयाची, मग होडी वर ओढून तिची डागडुजी करावयाची. पुढे नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा होईपर्यंत घर चालते ते याच साठवणीवर. आपल्याकडे वैशाखात पापड-कुरडया वाळतात, तसेच हे. गच्चीवरच्या चादरीपाशी कावळे हाकीत बसलेली आमची मुले आणि सुकतीपाशी बसलेली तेथील मुले एकाच ऋतूची राखण करीत असतात.

गल्लीच्या टोकाशी एका उंचवट्यावर वरळीचा किल्ला आहे. तो लहानसाच, सतराव्या शतकात इंग्रजांनी बांधला असे सांगतात. आत एक देऊळ, व्यायामशाळा, आणि घंटेसाठी केलेली कमान. तटावर उभे राहिले की माहीमचा उपसागर समोर पसरतो, पलीकडे वांद्र्याची भूमी दिसते, आणि या दोहोंस जोडणारा सागरी सेतू डोळ्यांपुढे येतो. ३० जून २००९ रोजी तो खुला झाला. माणसाच्या बुद्धीचे ते मोठे काम आहे. मुलांनी त्याचे दोर मोजावेत व थक्क व्हावे. परंतु त्या सेतूवर पायी चालण्यास मनाई आहे. ज्या बेटावर आम्ही दीड तास चालत आलो, तेथून पुढची वाट चाकांची आहे.

दक्षिणेकडून येणारा किनारी रस्ता २०२४ च्या मार्चपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि या सेतूस येऊन मिळाला. त्यासाठी समुद्रात मोठा भराव पडला. ज्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी बाया कालवे काढीत, त्यातील पुष्कळ भाग त्याखाली गेला. वरळीचे मच्छीमार न्यायालयात गेले. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची पर्यावरणविषयक मंजुरी रद्द केली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम चालू करण्यास परवानगी दिली. पुढे वाद राहिला तो खांबांतील अंतराचा. कोळीवाड्यातून निघणाऱ्या होड्या जेथून खोल समुद्रात जातात, तेथे दोन खांबांत ६० मीटर अंतर योजिले होते. वारा-लाटांच्या जोरात तेवढ्यातून होडी सुखरूप निघणे कठीण, असे मच्छीमारांचे म्हणणे. त्यांनी समुद्रात काम रोखून धरले, निवेदने दिली, चर्चा केल्या. आणि डिसेंबर २०२२ मध्ये ते अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. माझा विद्यार्थी त्याविषयी एकच वाक्य बोलला : "मास्तर, वरशी गारी जाते, तिला रस्ता झाला, खालशी आमची होरी जाते, तिला पन वाट पायजे." भूमितीचा याहून मानवी धडा मी वर्गात कधी दिला नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की २०२५ च्या ऑगस्टात किनारी रस्त्यालगतचा विहारपथ लोकांस खुला झाला, आणि समुद्राच्या कडेने चालण्याची सोय शहरास पुन्हा मिळाली. चालणाऱ्याची आठवण ठेवली तर ती अशी फळास येते. परंतु विहारपथ वेगळा आणि वहिवाट वेगळी. विहारपथावर आपण हवा खाण्यास जातो. वहिवाटीवर कोणाचे तरी अन्न चालते. शहर एक बांधू शकते, दुसरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या वापरानेच तयार होते आणि एकदा मोडली की पैशाने परत येत नाही. रायआवळ्याचे जुने झाड, गल्लीतील भट्टी, किनाऱ्याची वाट, या तिन्हींची गोष्ट एकच आहे.

वाटेचे मोल काय, हे वरळीने २०२० च्या उन्हाळ्यात अनुभविले. त्या मार्चच्या अखेरीस साथीचे रुग्ण आढळले आणि संपूर्ण कोळीवाड्याची नाकेबंदी झाली. करवंदांचा, जांभळांचा, सुक्या मासळीचा तोच हंगाम; पण गावातून बाहेर कोणी जाईना, बाहेरून आत कोणी येईना. मावशी त्या दिवसांविषयी सांगताना आजाराबद्दल थोडे बोलते. समोर समुद्र असून पाण्यापर्यंत जाता येत नव्हते, याबद्दल अधिक बोलते. आम्हीही त्या वर्षी दादरला दारे लावून बसलो होतो. रायआवळे झाडाखाली पडून सडले. पुढच्या वर्षी साथ ओसरल्यावर प्रथम जेव्हा आम्ही डबा घेऊन गेलो, तेव्हा त्या नानकटाईत काही विशेष नव्हते. तरी मावशीने ती सर्वांच्या आधी स्वतः खाल्ली आणि डोळे पुसले.

सूर्यास्त वैशाखाच्या अखेरीस सातच्या सुमारास होतो. किल्ल्याच्या तटावर मुले करवंदांचा शेवटचा द्रोण संपवितात. कोंबडा-कोंबडीचा निकाल लागत असतो, आणि कोळीवाड्यातील मुले त्यात सामील होऊन आमच्या मुलांस लीलया हरवितात. खाली बंदरात होड्या एकामागून एक परततात. कवीने म्हटलेली दिवसाची रमणीय अखेर ती हीच, अशी खात्री पटते. भाडे पडते ते परतीच्या बसपुरते.

आता वाचकांस, विशेषतः घरातील कर्त्या स्त्री-पुरुषांस, एक विनंती. आपण दादरास राहत असाल वा डोंबिवलीस, पुण्यास वा नागपुरास, आपल्या घरापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर असे एखादे जुने गाव, घाट, बंदर किंवा पेठ असेलच. सुट्टीत एक दिवस काढून सर्व परिवारासह तेथे पायी जा. जाताना घरी केलेले काही घेऊन जा आणि तेथील काही मागून घ्या. रिकाम्या हाताने पाहावयास जाणारा प्रेक्षक होतो, देण्या-घेण्यासाठी जाणारा शेजारी होतो. अंगणात जागा असेल तर एक रायआवळा, तुती किंवा जांभूळ लावा. जागा नसेल तर असलेल्या झाडाची फांदी छाटू देण्यापूर्वी एकदा विचारपूस करा. भट्टीवाल्यास ओळखीने हाक मारा. आणि जेव्हा एखाद्या वाटेविषयी, किनाऱ्याविषयी किंवा मैदानाविषयी शहरात निर्णय होत असेल, तेव्हा तेथून रोज चालणाऱ्या माणसाचे म्हणणे ऐकले गेले की नाही, एवढे तरी वर्तमानपत्रात शोधून वाचा. ज्या वाटेवरून आपली मुले एकदा हसत चालत गेली, तिच्याविषयी ती मोठेपणी उदासीन राहणार नाहीत.